काडी ओढण्याआधी

देव आहे की नाही या वादात मी कधी पडलो नाही. आश्रमशाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म गेला, आणि घरी बायको दोघांच्या वाटणीचं देवाधर्माचं बघत होती. त्यामुळे माझं बरं चाललं होतं. उतारवयात मला जो प्रश्न पडला तो याहून वाईट होता. समोर खाटेवर बसलेली, माझ्याकडेच बघत असलेली ही जी बाई आहे, तिच्या आत आता कोणी आहे का? हा प्रश्न कुणाला विचारायचीही सोय नसते. लोक म्हणतात, "गुरुजी, वहिनी कशा आहेत?" आणि आपण म्हणतो, "आहे, बरी आहे." घरात येऊन दार लावलं की त्या 'आहे'चं काय करायचं ते कळत नाही.

तिचं नाव भागीरथी. माहेर मोखाड्याकडचं, सूर्यमाळचं. नोकरीभर आम्ही त्याच भागात फिरलो, निवृत्त झाल्यावर जव्हारला दोन खोल्या बांधल्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिनं कणसरी मांडलेली होती. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. सुपात नवं भात, वर नारळ, पुढे पणती. दिवस मावळला की पदर सावरून ती तिथे बसायची आणि दिवा लावायची. आमच्या सगळ्या संसारात हे चुकलेलं मला आठवत नाही. मी बाहेर पेपर वाचत असायचो आणि काडीचा आवाज आला की समजायचो, चला, आता चहा येईल.

एका संध्याकाळी काडीचा आवाज आला नाही, चहाही आला नाही. मी कुरकुरत आत गेलो. ती कणसरीपुढे बसलेली होती, काड्यापेटी हातात. माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, हे कशाला असतं?" मला वाटलं, चेष्टा करतेय. मी पण म्हटलं, "घर जाळायला." ती हसली नाही. पेटी उलटीपालटी करून बघत राहिली. मी ती तिच्या हातातून काढून घेतली.

नाशिकच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि समजुतीच्या स्वरात सांगितलं की हे आता थांबणारं नाही. आधी कालचं पुसलं जाईल, मग त्याच्या मागचं, मग त्याच्याही मागचं. शेवटी जे राहतं ते फार थोडं. मुलगी नाशिकलाच असते, तिनं ऐकताना माझा हात घट्ट धरला होता. मी मात्र मास्तरसारखा माना डोलावत होतो, जसं काही उद्या मलाच हा धडा शिकवायचा आहे.

घरी आल्यावर तिचे प्रश्न सुरू झाले. सकाळी चहा पिताना माझ्याकडे बघायची आणि अगदी सभ्यपणे विचारायची, "तुम्ही कोण?"

"मी तुझा नवरा."

"अगं बाई!" मग जरा विचार करून, "आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी तू माहेरी होतीस. सूर्यमाळला. बापाच्या घरी."

"त्याच्या आधी?"

"तुझा आजा. त्यानं जंगल साफ करून खाचरं काढली."

"त्याच्या आधी?"

पहिल्या दिवशी मी हौसेनं सांगितलं. जंगलाच्या आधी हा सगळा डोंगर लाव्हारस होता. त्याच्या आधी पृथ्वी तापलेला गोळा होती. त्याच्या आधी सूर्य नव्हता, नुसती धूळ. आणि सगळ्याच्या आधी जे काही आहे ते एका मोहरीहूनही लहान जागेत कोंबलेलं होतं, आणि ते फुटलं.

"मोठा आवाज झाला असेल," ती म्हणाली.

"ऐकायला कोणी नव्हतं."

"आणि त्याच्या आधी?"

वर्गात हा प्रश्न यायचाच. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं आणि मला त्याचा थोडा गर्वही होता. मी म्हटलं, "त्याच्या आधी काही नव्हतं. काळच नव्हता. घड्याळ बनायच्या आधी किती वाजले होते, असं विचारण्यासारखं आहे ते."

"घड्याळ नसू दे," ती म्हणाली. "सकाळ तर झाली असेल की नाही?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"तेव्हा कोण होतं?"

"कोणी नव्हतं, भागी."

"कोणीच नाही असं कसं? मग काडी कोणी ओढली?"

वर्गात कुणी असं बोललं असतं तर मी खडू फेकून मारला असता. तिला काय मारणार? थोड्या वेळानं ती सगळं विसरायची आणि पुन्हा पहिल्यापासून, "तुम्ही कोण?" आंघोळीला पाणी काढताना तेच, भाजी निवडताना तेच. तिला मजा वाटायची आणि मला कापरं भरायचं. कारण प्रत्येक फेरीत ती मला मागे मागे ढकलत नेऊन त्याच कड्यावर उभं करायची, जिथे पुढे काही नाही. नोकरीभर मी मुलांना ते 'काही नाही' फळ्यावर शून्य काढून समजावलं, आणि तास संपला की पुसून टाकलं. आता ते पुसता येईना. ते माझ्या घरात येऊन बसलं होतं आणि माझ्या बायकोला आतून खात होतं. सुरुवातीच्या आधी काही नाही आणि शेवटाच्या नंतर काही नाही, मध्ये आपण चार दिवस चुलीपुढे बसून म्हणायचं की आम्ही आहोत. आढ्याकडे बघत मी हेच दळण दळत पडायचो. ज्याला लोक नैराश्य म्हणतात ते बहुतेक हेच असावं. मी त्याला नाव दिलं नव्हतं.

कणसरीपुढचा दिवा मीच लावायला लागलो. भक्तीनं नव्हे. तिची सवय मोडू नये एवढंच. तवा तापला म्हणून भाकरी टाकावी तसा मी दिवा लावायचो, काडी झटकायचो आणि उठायचो.

पुढे तिचे प्रश्नही बंद झाले. आधी मला वाटलं, सुटलो. मग कळलं की प्रश्न होते तेच बरं होतं. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात, आणि इथे होता तोही गेला. ती तासन् तास बसून राहायची, भरवलं तर खायची, उठवलं तर उठायची. एका दुपारी मी तिच्या समोर बसून तिच्या डोळ्यांत बघितलं, विहिरीत वाकून बघतात तसं, आणि मला आत कोणी दिसलं नाही.

डॉक्टरांनीच सुचवलं की लहानपणच्या जागी नेऊन बघा, कधीकधी बरं वाटतं. म्हणून शिमगा उलटल्यावर मी तिला सूर्यमाळला घेऊन गेलो. तिथे तिचा धाकटा भाऊ काशिनाथ आणि त्याची बायको जयवंती असतात. दिवस वाईट होते. विहिरीचा तळ दिसत होता, जयवंती पहाटे हंडे घेऊन जायची ती ऊन चढल्यावर परत यायची. त्यात राबाचं काम. आमच्या डोंगरी शेतीत भाताची रोपं करायची तर आधी ती जमीन भाजावी लागते. ऐनाचा टहाळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडायचा, पाला, काटक्या, शेण, गवत जमिनीवर थरानं पसरायचं, आणि वारा पडल्यावर पेटवून द्यायचं. त्या भाजलेल्या काळ्या तुकड्याला राब म्हणतात. त्या दिवसांत सूर्यमाळच्या कुठल्याही वाटेवर बघा, बाया डोक्यावर पाल्याचे एवढाले भारे घेऊन चाललेल्या असतात. तोंड दिसत नाही, चालतं झाड दिसतं, खाली दोन पाय. काशिनाथच्या अंगणातही असे भारे बांधून ठेवलेले होते. भागी त्यांच्याकडे बघत बसायची. तिला काही बरं वाटतंय असं मला दिसलं नाही.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मुलीला फोन करायला मी घरामागच्या टेकाडावर गेलो. तिथेच तेवढी रेंज येते. मुलीनं नाशिकला एक ठिकाण बघून ठेवलं होतं, अशा आजाराची माणसं सांभाळतात तिथे. ती रडत म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटे किती दिवस करणार? आईला तिथे ठेवू या. पण तिला काय वाटेल, हो?"

आणि मी म्हटलं, "तिला काय वाटणार, बाळा? ती आता नाहीच. जे आहे ते नुसतं घर उभं आहे."

बोलून गेलो. तोंडातून गेल्यावर मलाच ते शब्द कुणा परक्याचे वाटले. मी घाईनं म्हटलं, "ठीक आहे, ठरव तू." फोन खिशात टाकून खाली आलो तर ओसरीवरची खाट रिकामी.

आधी मी रागावलोच. मग घरात बघितलं, गोठ्यात बघितलं, परसात बघितलं. जयवंती पाण्याच्या दुसऱ्या खेपेला लांब झऱ्यावर गेलेली, काशिनाथ वरच्या खाचरात. मी हाका मारत सुटलो. काशिनाथ धावत आला. तो माझ्याहून शांत, म्हणाला, "दाजी, बाय जाईल कठं? पाय उचलत नाय तिचा." पण त्याच्याही तोंडचं पाणी पळालेलं होतं.

आम्ही भेटेल त्याला विचारत सुटलो. निळी साडी, पांढरे केस, जरा वाकून चालते, बोलत नाही. कुणी बघितली का? सगळ्यांचं एकच उत्तर. "नाय गुरुजी. अशी बाय नाय गेली. राबावाल्या बाया गेल्या, बस." विहिरीवर तेच, दुकानाशी तेच. एकानं तर आमच्यासाठी झाडावर चढून बघितलं. मी तिला विहिरीत शोधली. दरीच्या कडेला जाऊन खाली बघितलं. जे बघायचं नाही ते सगळं बघून झालं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा जयवंती पाणी घेऊन घरी पोचली. आम्हीही तिथेच परत येऊन उभे होतो. ती हंडा उतरवून खुंटीकडे बघत राहिली. म्हणाली, "दाजी, माझी दुसरी चुंबळ कठं?" ओझं उचलताना डोक्यावर ठेवायची कापडी चुंबळ. खुंटीवर नव्हती. मग तिनं अंगणात बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा, भारा नेला वन्संनी!"

काखेत कळसा नि गावाला वळसा! सगळ्या गावानं तिला बघितलं होतं आणि कुणीही बघितलं नव्हतं. आम्ही विचारत होतो हरवलेल्या बाईबद्दल, आणि ती गेली होती कामाला निघालेल्या बाईसारखी, डोक्यावर भारा, तोंडावर पाला. राबाच्या दिवसांत भारा घेऊन चाललेल्या बाईकडे वळून कोण बघतो? आमच्या लोकांच्या हातून एवढी एकच चूक होऊ शकत होती, आणि तीच झाली. मी स्वतः टेकाडावरून उतरताना खालच्या वाटेनं एक भारा जाताना बघितला होता. फोनवर ती नाहीच असं सांगून मी येत होतो, आणि ती माझ्या डोळ्यांसमोरून चालत जात होती.

जयवंतीला वाटलं होतं की कळलं ते बरं झालं. मला मात्र पुढचं सुचलं. भारा घेऊन ती जाणार कुठे? राबावर. आणि दिवस उतरला होता, वारा पडला होता. मी वर बघितलं. समोरच्या डोंगरावर एक धूर उठला होता. खाली वळणावर दुसरा. पलीकडे अजून एक, मग अजून एक. सगळीकडे लोक राब पेटवत होते.

काशिनाथ वरच्या अंगाला पळाला. मी खालच्या वाटेला लागलो. तिच्या बापाचं जुनं खाचर तिकडे होतं, ती तिकडेच गेली असणार असं माझं गणित. वयाच्या मानानं मी बराच धावलो. पहिल्या धुरापाशी दोन माणसं होती, त्यांनी मान हलवली. बापाच्या खाचरावर तर कुणीच नव्हतं, ते पडीक होतं, तिथे राबच केलेला नव्हता. माझं गणित चुकलं होतं.

परत फिरून वाट फुटते तिथे आलो. तिथे वाघोबा आहे. दगडात कोरलेला वाघ, वर सूर्य नि चंद्र, सगळ्याला शेंदूर. एक वाट दरीत उतरते, एक पल्याडच्या पाड्याकडे जाते. दोन्हीकडे धूर दिसत होता. कुठल्या वाटेनं जायचं? मी उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की मला काहीही माहीत नाही. जन्मभर मुलांना सांगत आलो, विचार करा म्हणजे उत्तर सापडेल. मी विचार करत होतो आणि तिथे डोक्यात तेच शून्य होतं. मी वाघोबापुढे मातीतच बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. नवस केला नाही. काय बोलणार, कुठल्या तोंडानं बोलणार? एवढंच म्हणालो की मला काही कळत नाही, आता तू बघ. कुणाला म्हणालो तेही ठाऊक नाही. वाघाला, सूर्याला, कणसरीला, की ज्यानं पहिली काडी ओढली त्याला. म्हणालो आणि तसाच बसून राहिलो. उठून शोधायला जायला हवं होतं, ते माझ्याकडून झालं नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पल्याडच्या पाड्याच्या वाटेवरून बोलण्याचा आवाज आला. एक म्हातारी, गुडघ्याच्या वर कासोटा, अंगभर राखधूळ, तोंडानं सारखी बडबडत चढून येत होती. तिच्या हाताला धरून भागी. केसांत पाला, साडीला काटे, पायात एकच चप्पल, आणि डोक्यावर अजून चुंबळ.

माझा जीव भांड्यात पडला असं लिहितो, पण ते पुरेसं नाही. मी उठून तिला मिठी मारली. आमच्या पिढीत वाटेवर असं कोणी करत नाही. म्हातारी तोंडावर पदर घेऊन हसली आणि मग मला झोडपलंच. "गुरुजी ना तुमी? बायको अशी सोडतात काय? पेटवला असता ना मी!"

तिनं जे सांगितलं ते असं. तिचा राब तयार होता. एका कडेला बांधाच्या आडोशाला उरलेल्या पाल्याचा ढीग होता, तोही राबातच लोटायचा होता. भागी कधी आली, तो भारा तिथे टाकून त्याच पाल्यात कधी आडवी झाली, ऊन लागू नये म्हणून अंगावर टहाळ कधी ओढून घेतला, कुणी बघितलं नाही. वारा पडल्यावर म्हातारी काड्यापेटी घेऊन आली. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली.

"वारा पडला होता ना?" मी विचारलं.

"पडला व्हता. पन विझली. मना काय ठावं?" म्हातारी म्हणाली. "मग मना माझी सासू आठवली. ती पेटवायच्या आदी हाक घालायची. आत सरडा असतो, उंदराची पिल्लं असतात, पाखरू असतं, तेंना निघून जाया टाइम द्यायचा. आता कोन घालतंय हाक? मी कदी घातली नाय. आज घातली. कोन हाय का आत? असाल तर निघा, आग लावतंय!"

"मग?"

"मग आतून आवाज आला." म्हातारीनं छातीवर हात ठेवला. "आहे. मी आहे. असा! माझा तर जीवच गेला, गुरुजी! म्हटलं भूत बोललं!"

ती हसत होती. मी हसू शकलो नाही. कित्येक महिन्यांत माझ्या बायकोच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. मी नाव घेऊन हाका मारल्या होत्या, नाशिकच्या डॉक्टरांनी मारल्या होत्या, मुलीनं फोनवरून मारल्या होत्या. भागी, भागीरथी, आई, कशालाच उत्तर नव्हतं. आणि एका अनोळखी बाईनं सरड्या-उंदरांसाठी घातलेल्या हाकेला तिनं आतून उत्तर दिलं होतं. मी तिच्या आत बघितलं होतं तेव्हा तिथे कोणी नव्हतं, कारण आत कोणी आहे का, असं मी विचारलंच नव्हतं. मी नुसतं बघून ठरवलं होतं.

भागी माझ्याकडे बघत होती. ओळख नव्हती, ते दिसतच होतं. पण माझ्या घामाघूम तोंडाकडे बघून ती हळूच म्हणाली, "दमलात का? बसा जरा." संसारात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! शाळेतून आलो की हेच. मी पुन्हा त्या मातीत बसलो, आणि ती माझ्या शेजारी बसली. काशिनाथ हाका मारत आला तेव्हा आम्ही तिघं वाघोबापुढे ओळीनं बसलेलो होतो. त्यानं बहिणीचे पाय धरले. म्हणाला, "देव तारी त्याला कोण मारी." एरवी मी अशा बोलण्याला तोंड वाकडं करतो. त्या दिवशी नाही केलं.

मुलीला दुसऱ्या दिवशी त्याच टेकाडावरून फोन केला. म्हटलं, "बाळा, मी काल चुकीचं बोललो. ती आहे. ती माझ्याजवळच राहील." तिनं कारण विचारलं नाही. बरंच केलं, कारण मला नीट सांगता आलं नसतं.

पावसाळ्यात रोपं वर आल्यावर मी साडी घेऊन त्या म्हातारीला शोधत पल्याडच्या पाड्यावर गेलो. अशा गोष्टींत ते माणूस पुन्हा सापडत नाही म्हणतात. मला ती लगेच सापडली. देवबिव काही नव्हती, गुडघ्यात वात होता आणि तोंड भारी तिखट होतं. ज्या काळ्या तुकड्यावर माझी बायको जळून गेली असती, तिथे हिरवंगार दाट रोप उभं होतं. मी कौतुकानं पुढे झालो तर ओरडली, "रोपात पाय घालू नका, गुरुजी!" साडी घेतली, घडी उलगडून बघितली, रंग आवडला नाही हे तोंडावर सांगितलं, आणि मग चहा केला. मी विचारलं, "आता हाक घालशील का दरसाली?" म्हणाली, "आता भ्या वाटतं. परत कोन बोललं तर?"

लोक मला विचारतात की काड्या विझल्या तो चमत्कार होता का. मला माहीत नाही. काड्या ओलसर असतील. सासूची आठवण यायला काही कारण लागत नाही. मी वाद घालणार नाही, तेवढं बळही आता नाही. सुरुवातीच्या आधी काय होतं हेही मला अजून ठाऊक नाही. पुस्तकात जे आहे ते खरंच आहे, मी ते शिकवलं आहे आणि पुन्हा शिकवीन. फक्त त्या आधीच्या काळोखाची मला पूर्वीसारखी दहशत वाटत नाही. कधी मनात येतं, एवढी मोठी आग लावायच्या आधी त्यानंही थांबून हाक घातली असेल. आत कोणी आहे का? आणि आतून आपण सगळे बोललो असू. हे विज्ञान नाही. म्हाताऱ्या मास्तरच्या मनाची समजूत आहे, तिला कुणी गुण देऊ नयेत.

भागी आता उठत नाही. त्या दिवसानंतर ती बोलेल असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही. वाघोबापुढचे ते शब्द शेवटचे ठरले. कूस बदलायची, पाणी पाजायचं, पाठ पुसायची, एवढंच आमचं चालतं. वाईट वाटतं. फार वाईट वाटतं, आणि काही दिवस तर मी तिच्यावर चिडतोही. पण ती नाही असं मी म्हणत नाही. ते माझ्या बघण्यावर ठरणारं नाही, एवढं मला शिकवलं गेलं. ज्याचं आहे त्याच्या हवाली करून मी फक्त शेजारी बसायचं. त्या म्हातारीचे, मी कधीच न पाहिलेल्या तिच्या सासूचे, वाघोबाचे आणि कणसरीचे माझ्यावर उपकार आहेत, ते फिटायचे नाहीत.

दिवस मावळला की मी तिची खाट कणसरीच्या कोपऱ्याकडे वळवतो. पणतीत तेल घालतो, वात सारखी करतो, काडी हातात घेतो. आणि मग मोठ्यानं विचारतो, "कोणी आहे का?" तिला विचारतो की त्याला, हे मला सांगता येणार नाही. उत्तर येत नाही. बाहेर कुणाची तरी गाडी जाते, शेजारच्या घरात टीव्ही लागलेला असतो. मी घाई करत नाही. आत जे कोणी असेल त्याला वेळ देतो, आणि मग काडी ओढतो.